पहिला व्हीआर हेडसेट घेताना: आधी गेम, मग चेहरा, मग आकडे

माझा पहिला व्हीआर हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर चढवून आभासी जगात नेणारं यंत्र, मी आकडे बघून घेतला होता. ज्याचं रिझोल्यूशन, म्हणजे पडद्यावरच्या ठिपक्यांची (पिक्सेलची) संख्या, जास्त तो चांगला, इतका सरळ हिशेब. खोकं उघडलं, हेडसेट डोक्यावर चढवला, आणि मेनूतली अक्षरं पाण्यातून बघावीत तशी दिसायला लागली. लेन्स पुसल्या, पट्टा आवळला, सैल केला, पुन्हा आवळला. पंधरा दिवस रोज अर्ध्या तासात कपाळ ठणकायचं. शेवटी फूटपट्टी घेऊन आरशासमोर उभं राहून डोळ्यांमधलं अंतर मोजलं, तेव्हा उलगडा झाला. त्या हेडसेटच्या लेन्स माझ्या डोळ्यांच्या बरोबर समोर येतच नव्हत्या. यंत्र धडधाकट होतं, पण माझ्या चेहऱ्याचं नव्हतं.

तेव्हापासून कोणी "कोणता घेऊ?" असं विचारलं की मी आधी तीन प्रश्न विचारते. काय खेळायचंय? घरात कोणतं मशीन आहे? दोन डोळ्यांमधलं अंतर किती? एवढी उत्तरं मिळाली की बाजारातले बहुतेक हेडसेट यादीतून आपोआप गळतात. याच क्रमाने जाऊ.

पायरी १: खेळायचे पाच गेम कागदावर लिहा

हेडसेट घेताना खरं तर आपण गेमचं एक दुकान निवडत असतो, हे नवख्यांना उशिरा कळतं. व्हीआर गेमचे आज ढोबळमानाने तीन प्रांत आहेत: मेटाच्या क्वेस्ट हेडसेटचं स्टोअर, पीसीवरचं स्टीम आणि सोनीचं प्लेस्टेशन. एका ठिकाणी विकत घेतलेला गेम दुसरीकडे सहसा चालत नाही, तिथे तो पुन्हा विकत घ्यावा लागतो.

उदाहरणं बघा. 'हाफ-लाइफ: अ‍ॅलिक्स' हा २०२० चा गेम अजूनही व्हीआरमधला मापदंड मानला जातो, आणि तो पीसीसाठी बनलेला आहे. क्वेस्टवर खेळायचा तर शेजारी दणकट पीसी हवा आणि तिथून चित्र हेडसेटमध्ये आणावं लागतं. 'बॅटमॅन: अर्खम शॅडो' २०२४ मध्ये आला तो फक्त क्वेस्ट ३ आणि ३एस साठी, जुन्या क्वेस्ट २ वरही तो चालत नाही. 'होरायझन कॉल ऑफ द माउंटन' फक्त प्लेस्टेशन व्हीआर२ वर आहे. 'ग्रॅन टुरिस्मो ७' गाड्यांच्या शर्यतीसाठी आवडत असेल, तर व्हीआरमध्ये तो तिथेच मिळेल. याउलट 'वॉकअबाउट मिनी गोल्फ' तिन्ही प्रांतांत आहे आणि वेगवेगळ्या हेडसेटवरचे मित्र त्यात एकत्र खेळू शकतात.

म्हणून पाच गेम लिहा आणि प्रत्येकासमोर तो कुठे मिळतो ते नोंदवा. तुमचे मित्र आधीपासून खेळत असतील तर त्यांचा प्रांत कोणता, तेही लिहा. व्हीआरमध्ये सोबत असण्याची मजा फार मोठी आहे. समोरचा मित्र हात हलवतो, मान तिरकी करून ऐकतो, आणि तो खरंच खोलीत आहे असं वाटायला लागतं. ही सोबत मिळणार असेल तर मी थोडं कमी रिझोल्यूशन आनंदाने पत्करेन.

विमान चालवण्याचे किंवा स्टिअरिंग व्हील लावून खेळायचे सिम्युलेटर हे तुमचं मुख्य वेड असेल, तर बहुधा पीसीच लागेल. त्या मंडळींनी थेट पुढच्या पायरीतला पीसीचा भाग नीट वाचावा.

पायरी २: घरात कोणतं मशीन आहे?

काहीच नसेल, तर स्वतंत्र हेडसेट. म्हणजे ज्यात प्रोसेसर, बॅटरी, स्टोरेज सगळं आतच असतं. क्वेस्ट ३ ऑक्टोबर २०२३ मध्ये आला, क्वेस्ट ३एस त्यानंतर वर्षभराने. दोघांत एकच चिप आहे, स्नॅपड्रॅगन एक्सआर२ जेन २, आणि दोघांत ८ जीबी रॅम. त्यामुळे एकावर चालणारा गेम दुसऱ्यावरही चालतो, फरक दिसण्याचा आहे. स्वतंत्र हेडसेटच्या मर्यादा दोन. चिप मोबाइलच्या जातीची असल्याने मोठे गेम पीसीइतके देखणे दिसत नाहीत, आणि बॅटरी साधारण दोन तासांत आटोपते. दुसऱ्या मर्यादेचा नवख्याला काही त्रास होत नाही, कारण पहिल्या महिन्यात दोन तास सलग कोणी खेळतच नाही.

प्लेस्टेशन ५ आधीच असेल तर प्लेस्टेशन व्हीआर२ चा विचार जरूर करा. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेला हा हेडसेट एका केबलने जोडला की झालं. ओलेड पडदे, म्हणजे प्रत्येक ठिपका स्वतः उजळणारे किंवा विझणारे, असल्यामुळे अंधार खरोखर काळा दिसतो. भयपटासारखे गेम किंवा अंतराळातले गेम खेळताना हा फरक अंगावर येतो. डोळे कुठे बघतायत ते तो ओळखतो, आणि काही गेम नजर जिथे आहे तिथलंच चित्र जास्त बारकाईने रंगवून ताकद वाचवतात. मात्र २०१६ च्या पहिल्या प्लेस्टेशन व्हीआरचे गेम यावर थेट चालत नाहीत, त्यामुळे जुन्या संग्रहाच्या भरवशावर घेऊ नका. ऑगस्ट २०२४ पासून सोनीचा एक अडॅप्टर लावून तो पीसीलाही जोडता येतो. पण सोनीनेच सांगितल्याप्रमाणे तिथे डोळ्यांचा माग, एचडीआर (उजेड आणि अंधारातला वाढीव पल्ला) आणि हेडसेटची थरथर या खास गोष्टी मिळत नाहीत.

पीसी असेल तर तो "गेमिंग पीसी" आहे एवढ्यावर थांबू नका. क्वेस्ट ३ चे दोन पडदे प्रत्येकी २०६४ × २२०८ पिक्सेलचे आहेत. दोन्ही मिळून ४के टीव्हीपेक्षा जास्त पिक्सेल होतात, आणि सेकंदाला ९० चित्रं दाखवायची तर एका चित्रासाठी फक्त ११ मिलिसेकंद मिळतात. टीव्हीवर मध्येच एखादी फ्रेम, म्हणजे त्यातलं एक चित्र, चुकली तर आपण दुर्लक्ष करतो. डोळ्यांसमोर चिकटलेल्या पडद्यावर तीच चूक पोटात ढवळते. म्हणून व्हीआरसाठी ग्राफिक्स कार्ड नेहमीच्या गरजेपेक्षा वरच्या ताकदीचं धरा.

पोर्टही तपासा. प्लेस्टेशन व्हीआर२ चा पीसी अडॅप्टर डिस्प्लेपोर्ट मागतो, एचडीएमआयवर भागत नाही. लॅपटॉपवाल्यांनी इथे विशेष सावध राहावं, कारण काही लॅपटॉपमध्ये बाहेरचा पोर्ट मुख्य ग्राफिक्स कार्डाला जोडलेलाच नसतो.

क्वेस्ट पीसीला यूएसबी केबलने जोडता येतो आणि वायफायवरूनही: मेटाचं एअर लिंक, स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीचं स्टीम लिंक, किंवा विकत मिळणारं व्हर्च्युअल डेस्कटॉप. कोणताही मार्ग घेतला तरी चित्र व्हिडिओसारखं दाबून पाठवलं जातं, त्यामुळे थोडा उशीर आणि थोडी गढूळ छटा येते. वायफाय नीट असेल तर ती बऱ्याच जणांच्या लक्षातही येत नाही. नीट म्हणजे काय? पीसी राउटरला लॅन केबलने जोडलेला, राउटर खेळायच्याच खोलीत, आणि हेडसेट ५ किंवा ६ गिगाहर्ट्झच्या बँडवर. यातली पहिली अट लोक सर्रास विसरतात. पीसी आणि हेडसेट दोन्ही वायफायवर असले की वायफायची तीच वाट दोनदा वापरली जाते, चित्र अडखळतं, आणि दोष हेडसेटला मिळतो.

पायरी ३: फूटपट्टी आणि आरसा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि जवळजवळ सगळे हीच वगळतात. तुमच्या दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्यांमधल्या अंतराला आयपीडी म्हणतात. मोठ्या माणसांत ते सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास असतं, पण सरासरी तुमच्या चेहऱ्यावर असेलच असं नाही.

मोजायचं असं. आरशापासून हातभरापेक्षा कमी अंतरावर, चांगल्या उजेडात सरळ उभे राहा. मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी भुवयांवर आडवी टेकवा. उजवा डोळा मिटा आणि पट्टीचा शून्य आरशातल्या डाव्या बाहुलीच्या मधोमध आणा. आता डोकं आणि पट्टी जराही न हलवता डावा डोळा मिटून उजवा उघडा. उजव्या बाहुलीच्या मध्यावर जो आकडा येईल तो तुमचा आयपीडी. पहिल्यांदा हात थरथरतो आणि आकडा दोन मिलिमीटर इकडेतिकडे जातो, म्हणून तीनदा मोजून मधला घ्या. चष्म्याच्या दुकानात हेच माप यंत्रावर मिनिटभरात मिळतं.

आता हा आकडा हेडसेटशी लावून बघा. क्वेस्ट ३ ला खाली एक चाक आहे, ते फिरवून लेन्समधलं अंतर ५८ ते ७१ मिलिमीटरपर्यंत हवं तिथे थांबवता येतं. क्वेस्ट ३एस ला तीनच खाचा आहेत: ५८, ६३ आणि ६८. तुमचं माप ६३ असेल तर ३एस अगदी बरोबर बसेल. ६५ किंवा ६६ असेल तर दोन खाचांच्या मध्ये अडकाल. काहींना ते चालून जातं, काहींचं डोकं दुखतं. प्लेस्टेशन व्हीआर२ ला लेन्स सरकवायची गोल कळ आहे, आणि पहिल्यांदा जुळवताना तो तुमचे डोळे नेमके कुठे आहेत ते पडद्यावर दाखवतो. ही सोय मला फार आवडली. एक हेडसेट घरातले तीन-चार जण वापरणार असतील, तर सगळ्यांचं माप घ्या आणि चाक किंवा कळ असलेल्यालाच प्राधान्य द्या.

लेन्सची जात हा पुढचा मुद्दा. जुन्या पद्धतीच्या फ्रेनेल लेन्सवर बारीक गोल कंगोरे असतात. चित्राचा मधला भाग लख्ख, कडा धूसर, आणि काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं असली की त्यांच्याभोवती उजेडाच्या रेघा. हेडसेट चेहऱ्यावर जरा घसरला की चित्र लगेच बिघडतं. क्वेस्ट ३एस आणि प्लेस्टेशन व्हीआर२ या दोघांत याच लेन्स आहेत. क्वेस्ट ३ आणि पिको कंपनीच्या पिको ४ मध्ये पॅनकेक लेन्स आहेत. त्या चपट्या असतात आणि कडेपर्यंत चित्र स्वच्छ देतात. फ्रेनेलमध्ये कोपऱ्यातला स्कोअर वाचायला अख्खी मान वळवावी लागते, पॅनकेकमध्ये नुसते डोळे फिरवले की पुरतं. माझ्या मते कोणत्याही दोन हेडसेटमधला सगळ्यात जाणवणारा फरक हाच आहे, रिझोल्यूशनच्या आकड्यापेक्षाही जास्त.

रिझोल्यूशनचा आकडा फसवा आहे असं मी म्हणते त्याचं कारण साधं आहे. तेवढेच पिक्सेल किती रुंद दृश्यावर पसरलेत त्यावर चित्राची धार ठरते. क्वेस्ट ३ मध्ये दृश्याच्या एका अंशात सुमारे २५ पिक्सेल बसतात, आणि चांगली नजर अंशाला ६० पर्यंत बारकावा टिपते. म्हणजे आजचा चांगला हेडसेटही डोळ्यांच्या निम्म्याहून खाली आहे. टीव्हीसारखी लख्ख धार मिळेल अशी अपेक्षा ठेवून घेऊ नका.

चष्मा असेल तर दोन गोष्टी बघा: चष्म्याची फ्रेम हेडसेटच्या आत मावते का, आणि चष्म्याची काच हेडसेटच्या लेन्सला घासते का. घासली तर दोन्हींवर ओरखडे, आणि ते जात नाहीत. क्वेस्ट ३ मध्ये चेहऱ्याची गादी पुढे-मागे सरकवून जागा करता येते. रोज खेळणार असाल तर तुमच्या नंबरच्या, हेडसेटमध्येच बसणाऱ्या लेन्स करून घ्या. तो खर्च पहिल्या दिवसापासून हिशेबात धरा.

वजनाबद्दल एवढंच सांगेन की ग्रॅमपेक्षा ते वजन कुठे टेकतं ते बघा. क्वेस्ट ३ चं वजन ५१५ ग्रॅम, प्लेस्टेशन व्हीआर२ चं ५६०. तरी दुसरा अनेकांना हलका वाटतो, कारण त्याचं कडं कपाळावर आणि डोक्यामागे टेकतं आणि गालांवर दाब येत नाही. क्वेस्टसोबत येणारा कापडी पट्टा मला अपुरा वाटतो. मागे बॅटरी असलेला कडक पट्टा लावला की तोल जमतो आणि खेळायचा वेळही वाढतो.

पायरी ४: खोली

उभं राहून हिंडत खेळायचं तर साधारण २ मीटर × २ मीटर मोकळी जागा हवी. तेवढी नसेल तर निराश होऊ नका, बसून किंवा एका जागी उभं राहून खेळायचे गेम भरपूर आहेत. हात सरळ वर करून बघा, पंखा किंवा दिवा लागत नाही ना.

क्वेस्ट आणि प्लेस्टेशन व्हीआर२ हेडसेटवरच्याच कॅमेऱ्यांनी जागा ओळखतात. त्यामुळे खोलीत पुरेसा उजेड लागतो, मोठा आरसा गोंधळ घालतो, आणि हात पाठीमागे गेला की हातातला कंट्रोलर कॅमेऱ्यांना काही क्षण दिसेनासा होतो. व्हॉल्व्ह इंडेक्ससारख्या हेडसेटला कोपऱ्यांत लावायचे बेस स्टेशन, म्हणजे हालचालींचा माग ठेवायला मदत करणारे छोटे डबे, लागतात. त्यात हात कुठेही गेला तरी माग अचूक राहतो आणि अंगाची हालचाल टिपणारे ट्रॅकरही लावता येतात, पण भिंतीवर बसवण्याचा खटाटोप आहे. बिगस्क्रीन कंपनीचा पहिला बियाँड हेडसेट अवघा १२७ ग्रॅमचा होता, तोही बेस स्टेशनशिवाय चालत नाही, आणि त्याची गादी एकाच माणसाच्या चेहऱ्याचं स्कॅन करून बनवलेली असते. पहिला हेडसेट म्हणून या वाटेला जायची गरज नाही.

पायरी ५: गरगरण्याची तयारी

डोळे सांगतात आपण धावतोय, कानाच्या आतलं तोल सांभाळणारं इंद्रिय सांगतं आपण जागेवर उभे आहोत. या भांडणातून मळमळ होते. हेडसेट महागडा असला तरी ती होऊ शकते, म्हणून ती निवडीपेक्षा सवयीचा भाग समजा. सुरुवात 'बीट सेबर'सारख्या गेमपासून करा, ज्यात तुम्ही जागेवर उभे असता आणि वस्तू तुमच्याकडे येतात. सेटिंगमध्ये चालण्याऐवजी उडी घेऊन पोचण्याचा पर्याय, म्हणजे टेलिपोर्ट, आणि टप्प्याटप्प्याने वळण्याचा स्नॅप टर्न निवडा. मेटाच्या स्टोअरवर प्रत्येक गेमसमोर तो किती सोसवेल याची श्रेणी दिलेली असते, पहिला महिना सगळ्यात सौम्य श्रेणीतच राहा.

आणि हे मनापासून सांगते: मळमळून तोंडात पाणी जमलं, कपाळावर गार घाम आला की त्याच क्षणी हेडसेट काढा. रेटून सवय होत नाही. उलट शरीर हेडसेटलाच घाबरायला शिकतं, आणि मग नुसतं हातात घेतलं तरी ढवळतं.

मुलांसाठी घेत असाल तर वयाची अट लक्षात ठेवा. मेटा क्वेस्टसाठी किमान १० वर्षं सांगते आणि लहान मुलांचं खातं पालकांच्या देखरेखीत ठेवते. सोनी १२ वर्षं सांगते.

पायरी ६: हा हेडसेट तीन वर्षांनी चालेल का?

विंडोज मिक्स्ड रिअ‍ॅलिटी या मायक्रोसॉफ्टच्या पीसीवरच्या व्हीआर व्यवस्थेची गोष्ट प्रत्येक नवख्याने ऐकायला हवी. २०१७ पासून अनेक कंपन्यांनी या व्यवस्थेवर चालणारे हेडसेट काढले. २०२० मधला एचपी रिव्हर्ब जी२ तर चित्राच्या धारेसाठी सिम्युलेटरवाल्यांचा लाडका होता. डिसेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ही व्यवस्था बंद करायचं जाहीर केलं, आणि विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीतून ती काढूनच टाकली. लेन्स शाबूत, पडदे शाबूत, पण विंडोज अपडेट केलं की हेडसेट चालवणारी मायक्रोसॉफ्टची व्यवस्थाच गायब. जुन्या बाजारात असे हेडसेट स्वस्तात दिसतात आणि आकडे छान असतात. मोहात पडू नका.

जुना हेडसेट घेताना सगळ्यात आधी लेन्समधून पडदा बघा. पूर्ण पांढरं चित्र लावा. पिवळट डाग किंवा जळाल्यासारखी वेडीवाकडी रेघ दिसली तर तो उन्हाचा चटका आहे. या लेन्स भिंगासारख्या ऊन गोळा करतात, आणि खिडकीपाशी उघड्या पडलेल्या हेडसेटचा पडदा काही मिनिटांत कायमचा जातो. मग दोन्ही कंट्रोलरच्या, अंगठ्याने फिरवायच्या काड्या सोडून बघा, बोट न लावता गेममधलं पात्र सरकत असेल तर काडी झिजलेली आहे. आधीच्या मालकाचं खातं तुमच्यासमोर काढून टाकलं जायला हवं.

मग कोणता?

घरात ना कन्सोल ना पीसी, आणि व्हीआर आपल्याला रुचेल की नाही याचीच खात्री नसेल, तर क्वेस्ट ३एस, अर्थात तुमचा आयपीडी त्याच्या खाचांजवळ असेल तर. रुचणार हे माहीत असेल, चष्मा असेल, किंवा पीसीवरून गेम आणायचे असतील, तर जास्त पैसे घालून क्वेस्ट ३ घ्या. त्या पैशांचं मोल पॅनकेक लेन्समध्ये पुरेपूर मिळतं. प्लेस्टेशन ५ असेल आणि तुमच्या पाचांपैकी तीन गेम तिथे असतील, तर व्हीआर२. कागदावरची यादी क्वेस्टकडे झुकत असेल तर नुसता कन्सोल आहे म्हणून व्हीआर२ घेऊ नका. पीसी आणि स्टीमची मोठी लायब्ररी असणाऱ्यांनी व्हॉल्व्हच्या स्टीम फ्रेमकडेही बघावं. हा पॅनकेक लेन्सचा, बिनतारी हेडसेट नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाला, आणि पीसीवरून चित्र आणायला त्याच्यासोबत वेगळा ६ गिगाहर्ट्झचा डोंगल, म्हणजे पीसीला लावायचं छोटं बिनतारी उपकरण, असतो. अ‍ॅपल व्हिजन प्रो मात्र गेमसाठी पहिला हेडसेट म्हणून मी सुचवणार नाही. तो कंट्रोलरशिवाय येतो, आणि वर सांगितलेले बहुतेक गेम त्याच्या स्टोअरवर नाहीत.

शक्य असेल तर आधी कोणाचा तरी हेडसेट वीस मिनिटं घालून बघा. पाच मिनिटांत सगळेच हेडसेट छान वाटतात, नाकाच्या हाडावरचा दाब पंधराव्या मिनिटाला कळतो. ते जमणार नसेल तर परत करण्याची मुदत किती दिवसांची आहे ते विचारून मगच घ्या आणि पहिला आठवडा तपासणीसाठी ठेवा. पट्टा आधी डोक्यामागे, कवटीच्या खालच्या उंचवट्याखाली बसवा, मग पुढचा भाग डोळ्यांवर आणा. मजकूर स्पष्ट होईपर्यंत हेडसेट वर-खाली मिलिमीटरभर सरकवा. कडेची अक्षरं वाचा, खाली वाकून बघा, मान झटकन वळवा, डोळ्यांत एखादा मेलेला पिक्सेल खुपतो का ते पांढऱ्या आणि काळ्या पडद्यावर तपासा. सलग तीन दिवस अर्धा तास खेळून तिसऱ्या दिवशीही कपाळ दुखत असेल, तर पुन्हा एकदा आयपीडी मोजा. माप बरोबर असूनही दुखत असेल तर हेडसेट परत करा, आणि तोवर खोकं आणि आतला पुठ्ठा टाकू नका.